माप बरोबर होतं

मी बोलतोय तो थर्मामीटर. काचेचा, पोटात पारा असलेला. काखेत धरून लोक ज्याला विसरतात, तोच. कारखान्यात तपासणीत पहिल्या फटक्यात पास झालो, याचा मला भारी तोरा होता.

मला टेलरमास्तरांनी विकत आणलं आणि शिलाई मशीनच्या खणात, टेपशेजारी ठेवलं. मास्तर गिऱ्हाइकाचं कमी ऐकायचे, टेपचं जास्त. "मी बारीक झालोय," असं कुणी म्हटलं की हसत हसत त्याच्या कंबरेचा आकडा वाचून दाखवायचे. "माणूस खोटं सांगेल, माप नाही सांगणार." असा मालक मिळाल्यावर माझी तर कॉलर ताठच.

मग त्यांची लेक आजारी पडली. काजं-बटणं तीच करायची आणि आई गेल्यापासून घरही तीच सांभाळायची. पहिल्याच दिवशी मी एकशे तीन दाखवले. डोळ्यांच्या मागे ठणकतंय, सगळे सांधे धरलेत, म्हणाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. त्यांनी बजावलं, "पाणी पाजत राहा. ताप उतरला म्हणून गाफील राहू नका, खरी काळजी तेव्हाच असते. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक घेऊन या."

मास्तरांनी मान डोलावली. दर दोन तासांनी माझा आकडा ते मापाच्या वहीत लिहायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी साडेअठ्ठ्याण्णववर आलो. त्यांनी मला झटकून पुन्हा लावलं. तोच आकडा. मास्तर चार दिवसांनी हसले.

"बाबा, पोटात फार दुखतंय."

"पोटात काही नाही ना, म्हणून. ताप कुठाय आता?"

ती दोनदा ओकली. हात गार पडले. "गार पडले ते बरंच की गं," म्हणत मास्तर मशीनवर बसले. कामं तुंबली होती. अधूनमधून येऊन मला लावायचे आणि मी तेच सांगायचो. अहो, मला ठेवा बाजूला, पोरीकडे बघा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मला एवढी एकच गोष्ट सांगता येते.

दुपारी ती पाणी घ्यायला उठली आणि भिंतीला धरून खालीच बसली. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मास्तर एकटेच परतले. "सकाळी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

तुमच्या घरी असा ताप उतरला, तर मला खुशाल खणात टाका आणि आजारी माणसाचं ऐका. माझं ऐकून एक घर बसलं.

पोरीच्या तेराव्याचीही वाट न बघता, दुसऱ्याच दिवशी मास्तर मला खिशात घालून औषधांच्या दुकानात गेले. "हा बिघडलाय का, जरा बघता?" आवाजात केवढी आशा होती. दुकानदारानं मला नव्या थर्मामीटरसोबत कोमट पाण्यात धरलं. त्या क्षणी मला खोटं निघायचं होतं. निदान त्या माणसाला दोष द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

"एकदम बरोबर आहे, मास्तर," दुकानदार म्हणाला आणि मला पुसून त्यांच्या हातात ठेवलं.