गाडीतळाचं पाणी

कापसानं अमरावतीला वेड लावलं होतं ते दिवस. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि इकडे आमच्या कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. चांदूर बाजारापासून, परतवाड्यापासून गाड्या येत आणि परकोटाबाहेरच्या माळावर वजनाची वाट बघत दिवसच्या दिवस उभ्या राहत. एवढी माणसं, एवढे बैल काय पितील आणि माणसं परसाकडे कुठं जातील, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. सरकारचं लक्ष कापसावर आणि अडत्यांचं तराजूवर. गाडीवान सकाळी नाल्याच्या काठी बसत आणि दुपारी त्याच नाल्याचं पाणी पीत.

मागच्या हंगामात तिथूनच पटकीची साथ उठली. सूर्यभान माळी भाजीची पाटी घेऊन तळावर गेला होता. ऊन मी म्हणत होतं, त्यानं नाल्यातच तोंड धुतलं आणि पोटभर पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको गोदाबाई विधवा झाली.

यंदा हंगामाच्या तोंडाशी लोकच शहाणे झाले. कुणबी, अडते, माळी असे पंच निंबाखाली बसले. जमवले ते भगवंतराव देशमुखांनी. चांदूर बाजाराकडचे हे मोठे शेतकरी; त्यांच्याच गाड्या तळावर सगळ्यांत जास्त. पण त्यांचं माप त्यांच्या पदरात घातलंच पाहिजे: उन्हातान्हात दारोदार फिरून हात जोडले ते त्यांनीच. ठरलं असं की तळाच्या उतारावर, नाल्यापासून लांब, चर खणायचे आणि गाडीवानांनी तिथंच जायचं. चरावर माती लोटायचं काम माळ्यांचं, आणि खतही माळ्यांचं. त्या बदल्यात माळ्यांनी आपल्या सामाईक विहिरीतून पाण्याची एकेक बारी तळाला द्यायची.

बारी म्हणजे मोट चालवायची पाळी. विहीर एक, वाटेकरी तीन. विहिरीत पाणी झिरपेल तेवढंच, त्यामुळे एकाची बारी गेली की त्याचं पीक तहानलेलं राहणार. बाकी दोघांची मेथी-वांगी होती, ती एखादी बारी सोसतात. गोदाबाईची केळीची बाग होती, सूर्यभाननं लावलेली, आणि झाडं नुकतीच निसवली होती. घड भरायच्या वेळी केळीला पाणी तोडणं म्हणजे वर्षाच्या भाकरीवर पाणी सोडणं. तरी ती म्हणाली, "घ्या माही बारी. त्या नाल्याचं पाणी कोनाच्या तोंडी लागू नये, बस."

पाटानं पाणी तळावरच्या दगडी डोणीत पडू लागलं. नाल्याचा काठ ओस पडला. पटकी आली नाही. पंच मिशीवरून हात फिरवू लागले, आणि का फिरवू नये?

मग एक दिवस भगवंतराव बागेत आले. डोण दुपारपर्यंतच कोरडी पडते म्हणाले. "गोदाबाई, अजून एक बारी पायजे. मानसं पुन्हा नाल्याकडे जाऊन राह्यली."

केळीची पानं कडेनं करपली होती, दोन झाडं घडासकट आडवी झाली होती. ते त्यांनाही दिसत होतं. गोदाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एवढं पाणी पितं तरी कोण, हे तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वांग्यांची पाटी घेऊन तळावर गेली. डोणीवरून घागरी भरून जात होत्या, पण जात होत्या गाड्यांच्या मागे. ती मागे गेली. गाडीवान कापूस उकरत होते, तोंडात पाणी भरून त्यावर फवारत होते आणि वरून कोरडा कापूस पसरत होते. ओला कापूस जड भरतो. गाड्या देशमुखांच्या होत्या आणि देशमुख स्वतः जवळ उभे होते.

"हे काय करून राह्यले तुमी?"

भगवंतराव दचकले, पण सावरले. "कापूस उन्हात सुकते, बाई. वजन उतरते. उन्हानं नेलं तेवढंच भरून काढून राह्यलो. मी एकटाच नाई करत, सारेच करते."

"माह्या केळी बी उन्हानंच सुकल्या," गोदाबाई म्हणाली. "त्यायले कोन भरून देईन?"

ती तडक विहिरीवर आली. बारी तिचीच होती, मोट चालू होती. तिनं कुदळ घेतली, तळाकडचा पाट फोडला आणि पाणी बागेत वळवलं. केळीच्या बुडाशी पाणी साचू लागलं तसं तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

ऊन चढलं. बागेच्या कुंपणाबाहेरून एक म्हातारा गाडीवान रिकामा तांब्या घेऊन चालला होता. त्यामागे आणखी दोघं. वाट नाल्याची होती.

सूर्यभान याच वाटेनं गेला होता.

"बावा, थांबा," तिनं हाक मारली. "तिकडं नका जाऊ." आणि जिनं पाट फोडला तिनंच तो पुन्हा बांधला. केळीचं पाणी तुटलं तेव्हा ती रडली.

संध्याकाळी तिनं पंच बसवले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. भगवंतराव मान खाली घालून बसले होते. एक अडत्या हळूच म्हणाला, "ही गोष्ट इथंच राहू द्या. बोभाटा झाला तर अमरावतीच्या कापसाला कोणी विचारणार नाही." पंचांच्या माना डोलल्या. पंचांच्या माना अशा वेळी फार लवकर डोलतात.

"ठेवा झाकून," गोदाबाई म्हणाली. "पन पानी माह्या रीतीनं भेटन. डोन बैलायसाठी, अन् तिथं राखन तुमची. मानसायले माह्या बागेच्या तोंडाशी पानपोई. घागर नाई, तांब्या नाई. मी वरून धार धरीन, खाली ओंजळ करा, पोटभर प्या. ओंजळीनं कापूस भिजत नाई."

वरून धार आणि खाली ओंजळ ही पाणपोईची रीत साऱ्यांना ठाऊक होती. त्यात कुणाचं भांडं कुणाला लागत नाही, म्हणून जातीवरूनही कुणाला तोंड उघडता आलं नाही. पंचांनी मानलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बागेच्या तोंडाशी बसू लागली. ओंजळीतून सांडलेलं पाणी कडेच्या ओळीत जाईल अशी तिनं नाली काढली होती. ती ओळ वाचली. बाकीची बाग गेली; घडांतली केळी बोटाएवढीच राहिली, ती तिनं बैलांना घातली. डोण आता संध्याकाळपर्यंत पुरू लागली आणि दुसरी बारी कुणी मागितली नाही.

हंगाम सरता सरता भगवंतराव आले. गाड्या वजन होऊन मोकळ्या झाल्या होत्या, त्यांना गावी निघायचं होतं. हातात त्यांचा चांदीचा तांब्या होता. गोदाबाईनं तांब्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी तो खाली ठेवला, वाकले आणि ओंजळ तोंडाशी धरली.

तिनं धार सोडली. ते बराच वेळ प्याले. मग पुरे म्हणून त्यांनी मान हलवली, आणि तिनं धार तोडली.

"हे पानी कुठी गेलं ते दिसलं मले," ती म्हणाली, आणि मागच्या गाडीवानाला पुढं बोलावलं.