थोरल्या खारीची फळी

"बटण गेलं तर गेलं. समितीवाले काय बटणं मोजाला येतायत?" धोंडुबाई दातांनी दोरा तोडत म्हणाली.

"मोजू देत नायतर नको. माणसानं उभं राहावं तर नीट उभं राहावं," जनू म्हणाला.

"चार वाक्यं बोलाची नि त्याला लग्नाचा सदरा."

"चार नाय गो. एकच."

ते एक वाक्य कोणतं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. दहा दिवस तोंडात धरून ठेवलं होतं, खडीसाखरेसारखं. चघळायचं, पण विरघळू द्यायचं नाही.

वाक्य असं होतं : *साहेब, फळी उलटी बसवलीय.*

आता हे वाक्य समजायला थोरली खार समजायला हवी, आणि ती समजायला काही फार लागत नाही. धरमतरच्या खाडीकडेला मातीचा बांध, बांधाच्या आत भातशेती, ती खार. बांधाच्या पोटात एक दार, त्याला म्हणायचं उघाडी. उघाडीला खाडीच्या बाजूनं एक फळी टांगलेली. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी फळीला ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचं पाणीच फळी दाबून दार लावून घेतं. कुलूप नको, किल्ली नको. फक्त कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, आणि ते लक्ष म्हात्र्यांच्या घरात आजोबांपासून चालत आलेलं. जनूचे वडील केरू गेल्यावर जनूकडे.

श्रावणात जुनी सागवानी फळी मोडली. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सरकारी खात्याचा ठेकेदार आला, लोखंडी फळी, लाल रंग, आठ बोल्ट. लोखंडाची असली तरी गाव तिला फळीच म्हणे. आणि ठेकेदारानं ती बसवली आतल्या बाजूला, शेताकडे. म्हणजे भरतीनं ती उघडणार आणि ओहोटीला मिटणार. दार नव्हे, चोरवाट.

अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव आळसावलं होतं, तेव्हा पुनवेच्या भरतीला हे एकट्या जनूनं पाहिलं. मनगटभर खारं पाणी त्याच्याच पहिल्या तुकड्यात शिरलं. चिखलाची पोती कोंबून त्यानं ते थांबवलं. आणि कुणालाही बोलला नाही. कारण अकरा दिवसांनी विधिमंडळाची समिती खारींच्या बांधांची चौकशी करायला पेणला येणार, असं पत्र आलेलं होतं आणि साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव होतं : जनू केरू म्हात्रे.

पहिलं. त्याच्या आयुष्यात त्याचं नाव कुठल्याही यादीत पहिलं आलं नव्हतं.

*

कार्यवृत्तात नाही

पेणच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात जनू सकाळी आठपासून बसला होता. मुद्दाम आठ. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. हा हिशेब खाडीकाठच्या पोरालाही येतो. आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. समिती वेळेवर आली तर आधी खारीवर नेता येईल, भरतीला दाखवता येईल, मग बोलायचीही गरज नाही.

समिती निघाली मुंबईहून दहाला. वाटेत सत्कार. दीडला गाड्या पेणमध्ये न थांबता परस्पर खारीवर गेल्या, खात्याच्या साहेबांबरोबर, भर ओहोटीला. जनू व्हरांड्यातच राहिला.

दोनला पक्षाचा स्थानिक पुढारी हैबतराव आला. त्याच्याबरोबर दत्ता.

दत्तात्रेय म्हणजे जनूच्या चुलत्याचा मुलगा. वर्षातले नऊ महिने जोह्याला गणपतीच्या कारखान्यात, मूर्तींचे डोळे रंगवायला. गावात तीन महिने, तेही नाटकात आणि भजनात. आवाज असा की माईक नको. लहानपणी दोघं एकाच ताटात जेवले होते. तेव्हाही मोठा मासा दत्ताच्याच बाजूला असायचा, आणि तो कुणी त्याच्या बाजूला ठेवलेला नसायचा. ताट फिरवलं तरी मासा तिकडेच.

"जनू," हैबतराव म्हणाला, "यादीत थोडा बदल केलाय. आधी दत्ता बोलंल. बोलणारा माणूस पायजे पुढं. तू हायेस चार नंबरला."

"दत्ताला उघाडीतलं काय ठावं?"

"उघाडीतलं कोण ऐकतंय? पेपरवाले आलेत."

दत्ता हसला. "दादा, तू सदरा झकास घातलायस. नवरा दिसतोस."

हे तो प्रेमानं म्हणाला. त्याचाच राग जास्त आला.

*

कार्यवृत्तात आहे (पान ४)

*साक्षीदार क्र. १, श्री. दत्तात्रेय म्हात्रे :* वीस वर्षांपूर्वी बांध फुटून खांड पडली तेव्हा माती पुरेना. आमचे आबा खांडीत उतरले, पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि त्यांच्या अंगावर गावाने माती रचली. पाणी छातीपर्यंत होते. (सदस्यांमध्ये शांतता.)

कार्यवृत्तात नाही

आमचे आबा. म्हणजे केरू. म्हणजे जनूचा बाप. खोटं काही नव्हतं. भावकीत चुलत्यालाही आबाच म्हणतात. पण त्या पाण्यात बापाला मातीच्या टोपल्या देणारा पंचवीस वर्षांचा जनू होता. नंतर महिनाभर बापाच्या पाठीला खोबरेल लावणाराही जनू होता. दत्ता त्या साली जोह्याला डोळे रंगवत होता.

जाड चष्म्याच्या आमदारांनी चष्मा काढून पुसला. पांढऱ्या बुटांच्या आमदारांना ते पाहवलं नाही. त्यांनी उठून दत्ताला मिठीच मारली. फोटोवाला खुर्चीवर चढला.

जनू मागच्या बाकावर होता. त्याच्या बापाची पाठ टेबलावर ठेवल्यासारखी सगळे पाहत होते, आणि ती दत्ताची झाली होती.

मग समितीला रंग चढला. पांढरे बूट खात्याच्या साहेबांवर ओरडले, "तुम्ही कधी खारं पाणी प्यायलात?" खाडीचं पाणी मागवलं गेलं. कुणीतरी बाटलीत गढूळ पाणी आणलं, ते काचेच्या पेल्यात ओतलं, पेला साहेबांच्या हातात दिला. फोटोवाल्याचा दिवा पेटला नाही. पांढरे बूट म्हणाले, "थांबा, पुन्हा." पेला पुन्हा टेबलावर आला, पुन्हा साहेबांच्या हातात गेला, आणि पांढरे बूट तेच वाक्य त्याच रागानं पुन्हा बोलले. चष्मेवाल्यांनी ओळखलं की उद्याचा फोटो गेला. त्यांनी टेबलावर मूठ आपटून हक्कभंगाचं नाव काढलं. हैबतरावानं टाळ्या वाजवल्या. तिथं टाळ्या चालत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं नमस्कार केला.

साहेबांनी पेला खाली ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "नवी फळी उत्तम आहे. समितीनं आत्ताच पाहिलं. आतून एक थेंबही बाहेर गळत नव्हता."

जनू ताठ झाला. ओहोटीला थेंब गळत नव्हता! ओहोटीला तर तिथून धबाधबा पाणी जायला हवं. साहेबांनी स्वतःच्या तोंडानं कबुली दिली होती आणि त्या खोलीत ती ऐकू येणारा एकच माणूस होता.

नाही, दोन. कोपऱ्यात एक सदस्य बाई बसल्या होत्या. सुनावणी सुरू झाल्यापासून त्या फक्त लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"गळत नव्हता हे चांगलं की वाईट?" त्यांनी दत्ताला विचारलं. "ही फळी उघडते कुठल्या बाजूला?"

दत्ता गोंधळला. मूर्तीच्या डोळ्याचा रंग विचारला असता तर सांगितला असता. त्यानं मागं वळून पाहिलं.

"बाई, ते आमचा जनूदादा सांगंल. उघाडी त्याचीच. माझ्यापरीस त्याला शंभर पट ठावं हाय." आणि त्यानं हात लांब करून जनूकडे दाखवलं, पाहुण्याला पाट मांडावा तसं.

सगळ्या माना वळल्या. फोटोवाल्याची नाही, तो दिवा बदलत होता.

जनू उभा राहिला. वाक्य तोंडात होतं. पण आता ते त्याचं राहिलं नव्हतं. दत्तानं वाढलेल्या पानावर बसून खायचं होतं. उद्या गावात म्हणणार, दत्तानं बोलायला लावलं म्हणून जनू बोलला.

"काय सांगाचं?" तो म्हणाला. "सगळं त्यानंच सांगलाय की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"व्हय."

कार्यवृत्तात आहे (पान ११)

*साक्षीदार क्र. ४, श्री. जनू केरू म्हात्रे :* काही सांगायचे नाही.

*

पुढची सुनावणी संध्याकाळी रोह्याला होती. पांढऱ्या बुटांनी दत्ताला जीपमध्ये पुढं बसवून नेलं. कोलाडला त्याला चहा-भजी दिली म्हणे. रोह्याला त्यानं आबाची गोष्ट पुन्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा जनूनं तो उभ्या उभ्या वाचला. पेणला पाणी छातीपर्यंत होतं. रोह्याला ते गळ्यापर्यंत गेलं होतं.

"एका दिवसात हातभर चढलं," तो धोंडुबाईला म्हणाला.

"मंग तुमी सांगाचं होतं, किती होतं ते. तुमाला कुणी तोंड बांधलं होतं?"

त्या संध्याकाळी दत्ता घरी आला. ओट्यावर बसला. रोह्याहून आणलेला पेढ्यांचा पुडा पुढं केला.

"दादा, ती बाई विचारत होती ते काय रं? फळीचं काही हाय काय?"

अमावास्येच्या भरतीला अजून तीन दिवस होते. गाव जमवून, पहार लावून आठ बोल्ट काढायला एक दुपार पुरली असती. खात्यानं हात लावू नका म्हटलं असतं, तर म्हटलं असतं. जनूनं पेढा उचलला. गोड होता.

"काय नाय," तो म्हणाला. "फळी झकास हाय."

*

सर्वपित्री अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

जनू नऊ वाजताच पोती घेऊन उघाडीवर गेला, एकटा. पुनवेला जमलं होतं ते आज जमेल असं त्याला वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं. भात पोटरीला आलं होतं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. घराघरांत वडे तळले जात होते, पितरांची पानं मांडली जात होती. पश्चिमेचा वारा होता आणि खाडी फुगत चालली होती.

दहाला पहिलं पोतं आत वाहून गेलं. साडेदहाला सगळीच. लाल फळी घरच्या दारासारखी आत उघडली. जनू आतल्या बाजूनं पाण्यात उतरला, वळला आणि फळीला पाठ लावून उभा राहिला. पाणी मांड्यांपर्यंत. मग कमरेपर्यंत. फळी दर लाटेला त्याला पाऊलभर पुढं ढकलत होती.

बापाच्या अंगावर माती रचायला गाव होतं. इथं गावाला माहीतच नव्हतं.

दत्ता कावळ्याला पान ठेवायला बांधावर आला होता. त्यानं पान टाकलं आणि सदऱ्यासकट उडी मारली. जनूच्या शेजारी येऊन त्यानंही पाठ लावली.

"उलटी बसवलीय रं ही," दत्ता म्हणाला.

जनूनं टाच चिखलात रुतवली.

"दादा. तुला ठावं होतं?"

पाणी छातीपर्यंत आलं होतं. खरोखरचं, मोजून छातीपर्यंत.

"व्हय," जनू म्हणाला.

दत्तानं खांदा सरकवून जनूच्या खांद्याला टेकवला आणि पाय आणखी रोवले. सव्वाअकराला फळीनं दोघांनाही बाजूला लोटलं, आणि थोरल्या खारीचं सगळं भात पाण्याखाली गेलं.

*

चैत्रात समितीचं छापील कार्यवृत्त ग्रामपंचायतीत आलं. खारीत भात नव्हतं. जमीन पांढरी पडली होती, मिठाची पापडी चालताना पायाखाली मोडत होती. ती धुऊन निघायला पुढचे दोन पावसाळे लागणार होते. फळी मात्र दिवाळीआधीच सरळ झाली होती. गावानंच केली, एका दुपारात.

देवळासमोर माणसं जमली आणि कार्यवृत्त वाचायला अर्थातच दत्ताला दिलं. तो आवाज लावून वाचत होता. पांढरे बूट ओरडले ते, चष्मेवाले ओरडले ते. लोक हसत होते. मधेमधे तो अमावास्येचंही सांगत होता. जनूदादा एकटा कसा उभा होता, पाणी कसं छातीपर्यंत होतं. छातीपर्यंतच म्हणाला. सगळं सांगितलं. ते "व्हय" तेवढं सांगितलं नाही. सात महिन्यांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहावं पान संपलं. जनूनं सकाळीच ग्रामपंचायतीत जाऊन पान अकरा वाचलेलं होतं. तो खाली पाहू लागला.

दत्तानं बोटाला थुंकी लावली, दोन पानं एकदम उलटली आणि बारावं वाचायला लागला.

बोलण्यात तर तो पुढं होताच, आता न बोलण्यातही गेला.

जनूनं पाय वर घेतला. पोटरीवर खारीतलं मीठ वाळलं होतं. नखानं ते तो खरवडत बसला, कुणी हाक मारेपर्यंत.