निवडलेली माती

अण्णांनी टोमॅटोची पेटी भरली, की वरचा थर पाहून गिऱ्हाइकाने हात जोडावेत. खालचं खाली. तोच हात मातीलाही लागला. लेकीने तपासणीसाठी खालच्या तुकड्यातली माती आणायला सांगितली, तर यांनी बांधावरच्या झाडाखालची काळीभोर उकरली, चाळली, खडे वेचले आणि देवापुढे फूल ठेवावं तशी पिशवीत घातली. खालच्या तुकड्यात मीठ फुटून पांढरं पडलं होतं. घरची लाज का कुणी पुडी बांधून परक्याच्या टेबलावर ठेवतं? तिथलं पीक जळायचं, तेव्हाही अण्णा दर वेळी बियाण्यालाच शिव्या घालत.

माती उत्तम, असा निरोप आला. लेक हरखली. पॅकिंगच्या कारखान्यात उभं राहून साठवलेला पैसा त्या तुकड्यात लिंबाच्या रोपांना घालायचा, नोकरी सोडून घरी यायचं, असं तिने ठरवूनही टाकलं. आज नर्सरीवाल्याला विसार द्यायला ती निघाली, आणि अण्णा चहा तसाच ठेवून तिच्या वाटेत उभे राहिले. देव कनवाळू खरा, पण झाकलेल्या जखमेवर तोही मलम कसं लावणार?

"आधी शेतात चल," ते म्हणाले.

"आल्यावर जाऊ."

"आल्यावर उपयोग नाही."

खालच्या तुकड्यात त्यांनी पांढरी खपली नखाने उचलून तिच्या तळहातावर ठेवली आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

"डॉक्टरकडे जाताना खोकला घरी ठेवून जाता का हो, अण्णा?"

"अगं, चार लोकांत..."

"लोकांना दाखवा वरचा थर. मी काय गिऱ्हाईक आहे?"

तिने तिथूनच नर्सरीवाल्याला फोन लावून रोपं नकोत म्हणून कळवलं. मग हिशेब उलगडत गेला. चर खणायचे, साचलेलं पाणी काढायचं, मीठ धुऊन जाईपर्यंत इथे पीक नाही. साठवलेलं त्यातच जाणार.

"आणि नोकरी?" अण्णांनी भीतभीत विचारलं.

"सोडत नाही. उद्या पहिल्या पाळीला जाते."

ती घरी येणार म्हणून मागची खोली त्यांनी कालच झाडून ठेवली होती.

"पाणी कुठल्या बाजूने उतरेल?" तिने विचारलं.

एवढं मात्र त्यांना ठाऊक होतं. चपला काढून ते उताराच्या अंगाने पुढे झाले, लेक मागोमाग.