चौदावा चौकोन

"गुरुवारी सकाळी सात ते दुपारी दोन. चाक असलेलं काहीही हलणार नाही," नगरपालिकेतला सुगिमोरी तिसऱ्यांदा म्हणाला आणि तिसऱ्यांदाच वाकला. "हमरस्ता बंद, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तुमची गल्लीही बंद राहणार आणि हमरस्ता ओलांडताही येणार नाही, हे मात्र आयत्या वेळी ठरलं. ज्याला माल पोचवायचाय त्यानं सातच्या आत गाडी बाहेर काढून ठेवायची. एवढं सगळ्या दुकानदारांना सांगायचं. जमेल ना, कुवाबारा सान?"

"न जमायला काय झालं? यंदा माझीच पाळी आहे," सुमिए कुवाबारा म्हणाली.

दुकानदार मंडळाचं काम दरवर्षी एकेका दुकानाकडे येई, यंदा ते सुमिएच्या लाँड्रीकडे आलं होतं. परदेशचे राष्ट्राध्यक्ष बंदर बघायला येणार, याचं तिला काडीचंही सोयरसुतक नव्हतं. सूचनेचा कागद तिने हातात मावेल एवढ्या फिरत्या फळ्याला अडकवला, त्याखाली प्रत्येक दुकानाच्या शिक्क्यासाठी चौकोन आखले. चौदाव्या चौकोनात नाव लिहिताना तिचा हात थांबला. जेवणाचे डबे पुरवणारा इनोकुमा.

नऊ वर्षांपूर्वी जत्रेच्या दिवशी तिचा नवरा इस्त्रीच्या टेबलापाशी कोसळला. गल्लीच्या तोंडाशी देवाची पालखी होती आणि जत्रेच्या मंडळाचा प्रमुख होता हाच इनोकुमा. त्याने रुग्णवाहिकेला हात आडवा केला. "पालखी मागे फिरत नाही. बंदरावरून वळसा घाला." गाडी वळसा घालून आली तेव्हा नवरा संपला होता. अंत्यविधीला इनोकुमा काळा सूट घालून आला, उदबत्ती लावली, खाली वाकला आणि गेला. कोणी चकार शब्द काढला नाही. सुमिएनेही नाही. राग तिने गिळला, पण तो पचला नाही.

फळा एकाने वाचायचा, शिक्का मारायचा आणि शेजारच्याच्या दाराला लटकवायचा, अशी रीत. यंदा सुमिए स्वतःच तो घेऊन निघाली. तेराव्या दुकानात मासेवाल्या ओकुनो आजींनी शिक्का मारला.

"इनोकुमाला मीच देते की. भिंतीला भिंत आहे आमची. आणि त्याला आधी कळायला हवं बाई, शाळेच्या शंभरीचे एकशे चाळीस डबे आहेत त्याच्याकडे गुरुवारी. मासे माझ्याकडूनच घेतलेत."

"राहू द्या, आजी. मी तिकडेच निघालेय."

ती निघाली आणि चौदावं दार मागे टाकून थेट पंधराव्यात शिरली. इनोकुमाच्या दुकानातून सोया सॉसमध्ये काहीतरी रटरटत असल्याचा वास येत होता. येऊ दे, ती मनात म्हणाली.

पुढचे तीन दिवस गल्लीत धांदल होती. तांदूळवाल्याने दोन दिवसांचा माल आधीच पोचवला, फुलवालीने आपली गाडी मामाच्या अंगणात नेऊन लावली. इनोकुमा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. एकदा त्याने समोरच्या लाँड्रीकडे बराच वेळ पाहिलं. आता येईल, सुमिएला वाटलं. तो आला नाही. फळा आपल्याकडे आलाच नाही, असं विचारणं म्हणजे पाळी असलेल्या बाईची चूक चारचौघांत दाखवणं. या गल्लीतला माणूस नुकसान सोसेल, पण ते विचारणार नाही. याच भरवशावर तर ती होती.

गुरुवारी दहा वाजता इनोकुमाची गाडी डब्यांनी भरून गल्लीच्या तोंडाशी अडली.

"आजोबा, मागे घ्या," अडथळ्यापाशी उभा असलेला पोलीस म्हणाला.

"शाळा तर ही समोर दिसतेय. पलीकडे नुसतं जायचंय हो."

"चालत जायलासुद्धा बंदी आहे. दोनपर्यंत थांबा."

दोनपर्यंत शाळेचा समारंभ उरकून पाहुणे घरी गेले असते. सुमिए फळा घेऊन बाजूलाच उभी होती. नऊ वर्षांत प्रथमच तिचा जीव निवला.

तेवढ्यात सुगिमोरी धावत आला, फळा घेऊन एकेक चौकोन तपासू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "कुवाबारा सान, इथे इनोकुमा सानचा शिक्का नाही?"

सुमिए उत्तर देणार, तोच इनोकुमाने कमरेच्या फडक्यातून आपल्या नावाचा शिक्का काढला, त्यावरच्या सुकत्या शाईवर तोंडाची वाफ सोडली आणि चौदाव्या चौकोनात दाबला. "फळा आला होता. शिक्का मारायचा माझाच राहिला. म्हातारा झालो, विसरतो."

उपकार! आणि याचे! सुमिएच्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षं जपलेलं तिचं स्वतःचं असं एकच काही, ते हा माणूस एका शिक्क्यात मिटवून टाकत होता.

"खोटं बोलतोय तो. फळा मी दिलाच नाही."

"चुकून झालं असेल..." सुगिमोरी घाईघाईने म्हणाला.

"चुकून नाही, मुद्दाम! यानं माझ्या नवऱ्याची गाडी अडवली होती. म्हणून मी याची अडवली."

बघायला आलेल्या ओकुनो आजींनी तोंडावर हात ठेवला. पोलीस भलतीकडे बघू लागला. असलं मोठ्याने बोललेलं या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं.

"अडवली मी," इनोकुमा म्हणाला. "आज ना उद्या तुम्ही मला शिव्या घालाल म्हणून वाट बघत होतो. तुम्ही आपल्या रोज सकाळी हवापाण्याचं विचारत राहिलात."

"माफी मागू नका. मला नकोय."

"नाही मागत."

हमरस्त्यावर जयघोष उठला. कागदी झेंडे हलले, काळ्या गाड्या सर्रकन निघून गेल्या. सुमिए, इनोकुमा, सुगिमोरी, कोणीच तिकडे मान वळवली नाही.

"मग... हा शिक्का रद्द करावा लागेल," सुगिमोरी चाचरत म्हणाला. "नेहमीसारखं, दोन रेघा आणि शेजारी तुमचा शिक्का."

सुमिएने पेन घेतलं. इनोकुमाच्या ओल्या लाल नावावरून तिने पट्टीने ओढाव्यात तशा दोन सरळ रेघा ओढल्या. मग पिशवीतून लाकडी शिक्का काढला. तो नवऱ्याचाच होता. त्याच्या बोटांनी एका बाजूला झिजलेला. नवरा गेल्यावर तिने दुसरा करून घेतलाच नव्हता. तो तिने शाईत बुडवला, रेघांच्या शेजारी टेकवला आणि कितीतरी वेळ तसाच दाबून धरला.