दिवाणातला दवाखाना

त्या घरात बंद पडलेली वस्तू कुणी टाकून देत नसे आणि दुरुस्तही करत नसे. ती ‘ॲडमिट’ व्हायची. मुलांच्या खोलीतल्या दिवाणाखाली एक लांबरुंद खण होता, त्याला सगळे दवाखाना म्हणत. फोन मंद झाला, हेडफोनचा एक कान गेला, टॅब चार्ज होईना, की घरधनी म्हणायचा, “करा याला ॲडमिट!” आणि त्याच संध्याकाळी नवं खोकं घरात यायचं. दवाखान्यातून डिस्चार्ज मात्र आजवर कुणालाच मिळाला नव्हता. वर गादीवर दहा वर्षांची चिऊ आणि दोन वर्षांचा छोटू झोपायचे.

आत्या पंधरा दिवसांसाठी राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी टीव्हीचा रिमोट रुसला.

“नवीनच टीव्ही घेऊ या,” तिचा धाकटा भाऊ म्हणाला. चाळिशी उलटली तरी आत्यासाठी तो पिंट्याच होता. “सेल लागलाय, ताई.”

“रिमोट चालत नाही म्हणून टीव्ही? उद्या चप्पल तुटली तर पाय बदलशील!”

चिऊची आई, म्हणजे वहिनी, खुदकन हसली. आत्याने चिऊला जवळ बोलावलं. शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेली बाई ती. मूल दिसलं की तिचे हात आपोआप शिकवायला लागायचे. तिने रिमोटचं झाकण उघडलं, सेल काढले आणि ते जिथे टेकतात तिथल्या पत्र्यावरचा हिरवट थर दाखवला. चिऊने खोडरबराने तो हलक्या हाताने घासला. सेल परत बसवले, बटण दाबलं, टीव्ही लागला.

चिऊचा चेहरा असा काही उजळला की आत्याला आपली शाळा आठवली.

मग रोज दुपारी दोघींची ओपीडी सुरू झाली. चार्ज न होणारा फोन चिऊने आधी बंद केला, मग त्याच्या चार्जिंगच्या भोकातून लाकडी काडीने खिशातल्या धाग्यांचा बोळा अलगद बाहेर काढला. फोन चार्ज व्हायला लागला. वहिनीने त्यात जुनं सिम घालून तो चिऊलाच देऊन टाकला. बहिऱ्या हेडफोनची जाळी मऊ ब्रशने साफ झाली, तो ऐकू लागला. टॅबमधले तेच ते चारशे फोटो आणि कधी न उघडलेली ॲप्स काढून टाकल्यावर तोही धावायला लागला.

“पाहिलंस, पिंट्या? एक पैसा लागला नाही.”

“तुझं बरोबर आहे गं, पण नवीन ते नवीन.”

“मग एक कर. काही घ्यावंसं वाटलं की कागदावर लिही आणि तीन दिवस थांब. चौथ्या दिवशीही हवंच असेल तर खुशाल घे.”

“तोवर सेल संपतो!”

“संपू दे की. तो काय आपल्यासाठी लावलाय?”

पिंट्या हसला आणि दवाखान्याचा खण गुडघ्याने आत रेटला. तो हल्ली पूर्ण बंद होत नव्हता. “गच्च भरलाय,” तो म्हणाला. दोघी खणातून निम्म्या वस्तू बाहेर काढून बसल्या होत्या, तरी तो गच्च कसा, हा विचार आत्याच्या मनाला शिवून गेला. तेवढ्यात छोटू रडायला लागला आणि विचार तिथेच राहिला.

दोन दिवसांनी तिला त्या खोलीत एक वास आला. गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा.

“काही सांडलंय का गं?” तिने वहिनीला विचारलं.

“नाही ताई. खोलीत सुगंधी फवारा मारते ना मी, तोच असेल.”

आत्याने मान डोलावली. वास काही त्या फवाऱ्यासारखा नव्हता. पण दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसायचं?

त्याच संध्याकाळी आत्या पोळ्या लाटत होती, तेव्हा चिऊ तिच्याजवळ येऊन टेकली. “आत्या, फोन जाडा होतो का गं?”

आत्याचे हात पिठात होते, तव्यावरची पोळी करपत होती. “होत असेल. तुमच्या दवाखान्यात नुसतं बसून खायचं, मग बाळसं धरणारच!”

चिऊ हसली, आत्याही हसली. चौतीस वर्षांत तिने मुलांच्या एकाही प्रश्नाची थट्टा केली नव्हती. ही पहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंट्या आणि वहिनी टीव्ही ‘नुसता बघायला’ गेले. छोटू झोपला होता. हेडफोनचा एक बारीक स्क्रू हरवला होता, म्हणून आत्या कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली. “दहा मिनिटांत येते. दार लावून घे. कुणालाही उघडू नकोस.”

“मी तोवर एक पेशंट बरा करते,” चिऊ म्हणाली.

“कर की,” आत्या म्हणाली आणि जिना उतरली.

दुकानदार स्क्रूच्या डब्या एकेक करून उघडत होता तेव्हा तिचा फोन वाजला. चिऊ होती.

“आत्या, तो जाडा फोन आहे ना, आईचा मागच्या वर्षीचा, तो मी दुरुस्त करतेय. आईला सरप्राइज!”

“जाडा म्हणजे?”

“अगं, काल नाही का मी सांगितलं? त्याची पाठ उघडलीय. पोट सुटल्यासारखा झालाय. मी त्याला घट्ट रबर लावलेत, वर शब्दकोश ठेवलाय दाबायला. आणि चार्जिंगला लावलाय.”

आत्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो कुठे गेला हे तिने पाहिलंही नाही.

“चिऊ, ऐक. फोन कुठे आहे आत्ता?”

“दिवाणावर. छोटूच्या पायाशी. तिथंच बटण आहे ना.”

आत्या दुकानातून बाहेर पडली होती. पाय धावत होते, आवाज मात्र तिने प्रयोगशाळेतला ठेवला. आम्ल सांडलं की मुलांना ऐकू यायचा तसा, सावकाश, सरळ. “भिंतीवरचं बटण बंद कर. फोनला हात लावायचा नाही. शब्दकोशालाही नाही. नुसतं बटण.”

“केलं. का गं? मी चुकीचं केलं का?”

“नाही बाळा. आता छोटूला उचल.”

“तो झोपलाय.”

“झोपू दे. तसाच उचल.”

पलीकडे छोटू झोपेतच कुरकुरला. मग चिऊ बारीक आवाजात म्हणाली, “आत्या, पुस्तक हललं.”

“छोटू कडेवर आहे?”

“हो. आत्या, त्यातून आवाज येतोय. गॅस सुटल्यासारखा. आणि तो गोड वास.”

“खोलीबाहेर ये. दार ओढून घे. घराबाहेर ये. खाली शिंपीकाकांकडे जा. मागे वळून बघू नकोस. चालतेस ना?”

फटाका फुटावा तसा आवाज आला, छोटूचं रडणं आलं आणि फोन कट झाला.

कोपरा ते घर शंभरेक पावलं. त्या शंभर पावलांत आत्याला फक्त एकच गोष्ट दिसत होती, पोळपाटाशेजारी टेकून उभी राहिलेली आणि विचारत असलेली पोरगी.

जिन्याच्या खालच्या पायरीवर शिंपीकाका छोटूला थोपटत होते. चिऊ त्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभी होती, अनवाणी, एका हाताने दुसरा हात धरून. मनगटावर फोड आला होता. आत्याने तिला पोटाशी धरलं, तिचे केस हुंगले, मग काकांच्या नळाखाली तो हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

“मी मेन स्विच बंद केलाय,” शिंपीकाका म्हणाले. “आगीच्या बंबालाही कळवलंय. वर जाऊ नका, ताई. खोलीच्या दाराखालून धूर येतोय.”

“मी बटण बंद केलं होतं,” चिऊ म्हणाली. “खरंच केलं होतं.”

“माहीत आहे. तू सगळं बरोबर केलंस. चुकलं ते माझं. तू विचारलं होतंस आणि मी हसले.”

वर गादी पेटली होती. तिच्याखाली लाकूड होतं, आणि लाकडाखाली तो खण. आत्याला आता कळलं होतं तो बंद का होत नव्हता. एकाच फोनची बॅटरी फुगून खण अडत नाही. मागच्या अंगाला, जिथे तिचा आणि चिऊचा हात पोचलाच नव्हता, तिथे आणखी कितीतरी तसेच फुगून पडले होते, आणि तो गोडसर वास त्यांचाच होता.

बंब आला त्याच वेळी रिक्षा थांबली. पिंट्या उतरला. त्याच्या दोन्ही हातांत मिळून एक भलंमोठं सपाट खोकं होतं आणि त्याच्या आडून त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं. वहिनी मात्र खिडकी बघून तिथेच किंचाळली आणि मुलांकडे धावली.

बंबावरचा हेल्मेट घातलेला माणूस पिंट्यापाशी आला. “घर तुमचं? मुलं खाली आहेत, काळजी नको. पण दिवाणात बॅटऱ्या आहेत म्हणतात. किती? माझी पोरं आत जाणार आहेत, आकडा कळल्याशिवाय मी त्यांना पाठवणार नाही.”

पिंट्याने खोकं रस्त्यावर टेकवलं. तो बोटांवर मोजायला लागला. काळा फोन, निळा फोन, बायकोचे दोन, टॅब, ते घड्याळ, पॉवर बँक, आणखी एक पॉवर बँक. दहाही बोटं संपली. तो पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाला आणि मध्येच थांबला.

वर काहीतरी फुटलं. थोड्या वेळाने आणखी एक.

“साहेब, किती?”

पिंट्याने आत्याकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की बघायचा तसं. आत्या चिऊचा हात पाण्याखाली धरून बसली होती.

“मला माहीत नाही,” पिंट्या म्हणाला.

त्या माणसाने मागे वळून आपल्या पोरांना हात केला. जिन्यात चढलेले दोघे तिथेच थांबले.