दुपारचं भाषण

गोजरबाईंनी ट्रान्झिस्टरमधले सेल काढले आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर मांडले. उन्हानं सेलात थोडा जीव येतो, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. नेवाशाच्या दुकानातले सेल संपले होते, आणि आज दुपारी त्यांचा मुलगा श्रीमंत पुणे केंद्रावरून बोलणार होता. तो पुण्याला कॉलेजात शिकवायचा. गुरू ग्रहापाशी पोचलेल्या अमेरिकेच्या यानावर त्याचं भाषण होतं.

शेजारची छबूबाई कुडाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा पुंजाराम दिवाळीनंतर पुणतांब्याच्या बाजाराला गेला, तो परतलाच नव्हता.

"मावशी, फौजदार म्हनले, आज सांजच्याला रेडिओवर सांगत्याल. हरवल्याचं."

"ये की मग."

"सेल पुरत्याल का?"

गोजरबाईंनी सेल उलटून दुसरी बाजू उन्हाला केली.

दुपारी श्रीमंतचा आवाज आला, पण बारीक. दोघी ट्रान्झिस्टरला कान लावून बसल्या.

"यानातली वीज वर्षागणिक कमी होत जाणार," तो सांगत होता. "मग एकेक उपकरण बंद करावं लागेल. आधी कोणतं, नंतर कोणतं, ते इथल्या माणसांनी ठरवायचं. पृथ्वीशी बोलणारं यंत्र तेवढं शेवटपर्यंत जपायचं..."

"सर्दी झालीया त्याला," गोजरबाई म्हणाल्या आणि हसल्या.

आवाज आणखी खाली गेला. त्यांनी छबूबाईकडे पाहिलं. ती जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती. गोजरबाईंनी खटका फिरवला.

"मावशी! दादांचं अजून चाललंय की!"

"त्यो कुटं जातोय? संक्रांतीला येईल, तवा समदं सांगल मला."

त्यांनी सेल काढले आणि पुन्हा उन्हात नेऊन ठेवले.

सांजेला बातम्यांआधी निवेदन लागलं. आवाज माशीच्या गुणगुणीएवढा होता. दोघींची डोकी एकमेकींना टेकली. गाव, वय, अंगातली बंडी, कपाळावरचा व्रण, सगळं वाचून झालं. शेवटी रेडिओवरच्या बाईंनी पुंजारामचं नाव पुन्हा एकदा सांगितलं, आणि ट्रान्झिस्टर गप्प झाला.

"लांबवर ऐकू गेलं आसंल का?"

"लई लांब."

छबूबाईनं पदर डोक्यावर ओढला. मग ते नाव, लग्नानंतर पहिल्यांदाच, तिनं हळूच स्वतःच्या तोंडानं उच्चारून पाहिलं.