थावरीबाईचे पाहुणे

देवासच्या एका संस्थेत काम करणाऱ्या सुनेत्राने त्या वस्तीवर येऊन-जाऊन वर्षभर चपला झिजवल्या, तेव्हा कुठे लोक तिचं ऐकायला लागले. दिवाळी सरली की बाग गावाजवळची ती भिलाला आदिवासींची वस्ती निम्मी रिकामी व्हायची. माणसं ट्रकात बसून गुजरातला मजुरीला जायची. सुनेत्राचं म्हणणं साधं होतं. बागची लेणी पाहायला लोक येतातच, त्यांना वस्तीवर आणू. तुमचं जेवण जेवतील, तुमचा नाच बघतील, कमाई वस्तीची. काही जणांना तरी घर सोडावं लागणार नाही. गावच्या पटेलाआधी होकार दिला तो वस्तीतल्या थावरीबाईने. "आने दो बेन," ती म्हणाली, "मेहमान से घर की शोभा."

पहिले पाहुणे पीथमपूरच्या कारखान्यातल्या मराठी साहेबलोकांच्या घरचे होते. त्या दिवशी सुनेत्रा सकाळीच पोचली. थावरीबाईने अंगण सारवलं होतं आणि फळीवर स्टीलची भांडी लखलखीत घासून मांडली होती, मजुरीच्या पैशांतून एकेक करून जमवलेली. तिची लेक रूमली गुलाबी नायलॉनच्या साडीत नटून उभी होती.

सुनेत्राचा चेहरा पडला.

"थावरीबाई, ये बर्तन अंदर रख दो ना. उनको पुराना देखना है. ऐसे तो उनके घर में भी हैं."

"चोरी का माल है क्या, बेन?" थावरीबाई हसली.

सुनेत्रा हसली नाही. मग मायलेकींनी मुकाट्याने भांडी गोठ्यात नेली आणि कडब्याखाली झाकली. रूमली आजीचं विटकं लुगडं नेसून आली.

पाहुणे आले. पळसाच्या पानांत भाजलेली मक्याची रोटी आणि उडदाची डाळ त्यांनी बोटं चाटत खाल्ली. मोठे साहेब यशवंतराव यांच्या पत्नी राजाबाईंनी घरात डोकावून पाहिलं आणि उसासा टाकला.

"अगं बाई! बिचाऱ्यांच्या घरात साधं ताटसुद्धा नाही!"

त्यांनी गाडीतून आपली एक जुनी साडी आणवली आणि थावरीबाईपुढे धरली. "लो बाई. पहनना."

थावरीबाईने सुनेत्राकडे पाहिलं. भांडी मीच लपवायला लावली, एवढं सुनेत्राने म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण पाहुणे खूश होते, पुन्हा यायला हवे होते.

"ले लो ना, थावरीबाई," सुनेत्रा म्हणाली.

थावरीबाईने दोन्ही हात पुढे केले. त्यानंतर ढोल वाजला, नाच झाला. थावरीबाई नाचली नाही.

गाड्या गेल्यावर सुनेत्रा गोठ्यात गेली. थावरीबाई भांड्यांवरचं शेण धूत होती.

"बेन, तेरे घर मेहमान आते हैं, तब तू बर्तन निकालती है कि छुपाती है?"

सुनेत्राचे कान तापले. शेवटी तिने ती साडी परत करायला म्हणून मागून घेतली.

रविवारी ती पीथमपूरला राजाबाईंच्या क्वार्टरवर गेली. साडी टीपॉयवर ठेवून तिने सगळं सांगितलं. राजाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"म्हणजे आमचं हसं केलंत तुम्ही! आणि मी मेली त्या बाईला चारचौघांत साडी देत बसले!" त्या आत निघून गेल्या. यशवंतरावांनी दारापर्यंत येऊन एवढंच सांगितलं, "पुढच्या सहली राहू द्या आता."

वस्तीवर हे सांगायला सुनेत्रालाच जावं लागलं. पटेलाने विडी विझवली. कुणी तिला दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या हिवाळ्यात ट्रक भरून गेला. त्यात रूमलीही होती.

फाल्गुनात इंदूरची काही मंडळी यायला तयार झाली. सुनेत्रा थावरीबाईकडे विचारायला गेली. आत जायला मन धजेना, म्हणून अंगणाच्या कडेलाच उभी राहिली.

"आने दो," थावरीबाई म्हणाली. "पर इस बार घर मैं लगाऊँगी. तू भगोरिया के मेले के बाद आना, रूमली भी गुजरात से आ जाएगी."

सुनेत्राने मान हलवली. मान वर करून थावरीबाईकडे बघणं मात्र तिला अजून जमत नव्हतं.